पुसायला उचललेला बॉल

सावंतवाडी मागे पडली आणि मला बसमधून उतरावंसं वाटायला लागलं. कारण काहीच नव्हतं. एका जागी दहा मिनिटांच्या वर टिकणं माझ्या रक्तातच नाही. आणि तरीही मी पूल या खेळाचा पंच आहे, ज्या कामात माणसाने टेबलापाशी खांबासारखं उभं राहायचं असतं. कोल्हापूरच्या आमच्या क्लबात खेळाडू मला हात जोडून सांगतात, "साहेब, जरा भिंतीला टेका. नेम धरताना तुमचा शर्ट हलतो."

अशा माणसाला गोव्यातून बोलावणं आलं ते एकाच गुणासाठी: मी तिथला नव्हतो. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांची मिळून वर्षातून एकदा स्पर्धा होते आणि जिंकणारा पणजीला राज्याच्या स्पर्धेत उतरतो. यंदा अंतिम सामन्यात एक पेडण्याचा आणि एक डिचोलीचा. पेडण्याचा पंच डिचोलीला चालेना, डिचोलीचा पेडण्याला. डिचोलीच्या क्लबाचे सेक्रेटरी प्रभाकरबाब फोनवर म्हणाले, "आमकां परको माणूस जाय (हवा). हंय तुमचं कोण नाय मां? सोयरो, दोस्त?"

"चिटपाखरू नाही," मी म्हटलं.

"मग तुमीच या. म्हापशाला गाडी घेऊन उभो रावतां."

पेडण्याला बस थांबली. कंडक्टर म्हणाला, पाच मिनिटं. समोरच्या हॉटेलात पातळ भाजी (वाटाण्याचा रस्सा) आणि उंडो (गोल, कडक सालीचा पाव) असा थाट होता. पाच मिनिटांत मी एक उंडो संपवला. दुसरा मागवला तेव्हा बस होती. तो आला तेव्हा नव्हती. बॅग खांद्यालाच होती एवढंच नशीब. प्रभाकरबाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "थंयच रावा, येतां तासाभरात."

तासभर! मी हॉटेलाबाहेर येरझाऱ्या घालायला लागलो. पलीकडे एक पन्नाशीचा, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला गृहस्थ मोटारसायकल सुरू करत होता. मी धावलो. "पायलट?" (गोव्यात मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात.)

त्याने मला वरून खाली पाहिलं. "न्हय. पण खंय जातात?"

"डिचोली."

"मग बसा. मी थंयच चाललंय."

प्रभाकरबाबांना फोन करून 'येऊ नका, गाडी मिळाली' असं सांगितलं आणि मागे बसलो. गाडीच्या बाजूला एक करडा प्लॅस्टिकचा पाइप सुतळीने बांधला होता, दोन्ही टोकांना बूच लावलेला. प्रत्येक वळणावर तो माझ्या बरगडीत घुसायचा. मी विचारलं, "नळाची कामं करता का?"

"करतंय. मधी मधी."

झालं. मी त्यांना आमच्या न्हाणीघरातल्या गळक्या नळाची सगळी हकीकत सांगितली. "वायसर बदला," ते म्हणाले. मग त्यांनी माझी चौकशी केली. आता, पंचाने सामन्याआधी तोंड बंद ठेवायचं असतं हे मला पाठ आहे. पण मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला दुसरं काम तरी काय असतं?

"आज तिकडे पूलची फायनल आहे," मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. "मी पंच. तुमच्या पेडण्याचा जो गडी आहे ना, तो तीनदा फायनलला हरलाय. शेवटच्या बॉलला हात कापतो म्हणे त्याचा!"

त्यांनी गिअर बदलला. "कापता," ते म्हणाले. "बरोच कापता."

इब्रामपूरला काजूच्या बागांपाशी त्यांनी गाडी थांबवली. चैत्र सरत आला होता, पिकलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) गोड उग्र वास रस्त्यावर पसरला होता. ओळखीच्या माणसाने आम्हाला निरो (बोंडूचा ताजा गोड रस) दिला. "सावकाश, डाग जायनात," असं तो म्हणेपर्यंत माझ्या पंचगिरीच्या पांढऱ्या शर्टावर हनुवटीपासून बटणांपर्यंत ओघळ आला होता. तिथून पुढे झाडं हळूहळू तांबूस दिसायला लागली. खनिजाचे ट्रक जातात, त्यांची लाल धूळ पानांवर, कौलांवर, कुत्र्यांच्या पाठीवर.

डिचोलीचा क्लब एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिन्यावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. आम्ही उतरलो. माझ्या नळवाल्याने पाइप सोडला, बूच काढलं आणि आतून दोन तुकड्यांची, तेल लावून चकचकीत केलेली क्यू (पूल खेळायची काठी) काढली. मी बॅग उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"हे दिगंबर," प्रभाकरबाब थंडपणे म्हणाले. "पेडण्याचे. आणि तुमी... तांच्याच गाडयेर आयले?"

"परको माणूस!" जिन्यावरून कोणीतरी ओरडलं, आणि सगळी माडी हसली.

दुसरा खेळाडू सुहास. तिशीचा, दोडामार्गाकडचा, डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवतो. नखांत लाल माती. तो म्हणाला, "असूंदे हो. माका चलता. सुरू करा." त्याच्याकडे स्वतःची क्यूसुद्धा नव्हती. भिंतीवरच्या पाच क्लबच्या क्यू त्याने एकेक करून टेबलावर लोळवून पाहिल्या आणि सगळ्यात कमी वाकडी होती ती घेतली. दिगंबररावांनी आपल्या क्यूच्या चामड्याच्या टोकावर बारीक कानस फिरवली. दोन मुलगे टेबलाच्या कापडाला इस्त्री करत होते. दमट हवेत कापड फुगतं आणि बॉल रेंगाळतो, म्हणून. मी डाग लपवायला कोट चढवला आणि घामाने भिजलो.

तिथे एक रिवाज आहे. धूळ इतकी की बॉल सारखे पुसावे लागतात, आणि कापडावर माती घेऊन बॉल धावला तर तो भलतीकडे उडतो. म्हणून खेळणाऱ्याने "पूस" म्हटलं की समोरचा येतो, क्यूच्या टोकाला घासायचा आपला खडू बॉलला चिकटवून ठेवतो, मग बॉल उचलतात, आणि पुसून पुन्हा खडूला लावून ठेवतात. पहिल्याच डावात सुहास खडू घेऊन पुढे आला, तर मी हात आडवा केला. "आज पंच आहे. हे माझं काम." खिशातून मी बॉलची जागा धरून ठेवायची माझी पितळी खूण काढली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभाव पडला.

चार-चार डाव झाले. नववा निर्णायक. मी तोपर्यंत टेबलाभोवती इतका फिरलो होतो की प्रभाकरबाबांनी मला दोनदा खुर्ची दाखवली. शेवटी दिगंबररावांचे सातही बॉल संपले, उरला काळा; तो खिशात गेला की सामना त्यांचा. तो कोपऱ्यातल्या खिशापासून वीतभर. वाटेच्या कडेला सुहासचा पिवळा पट्ट्याचा बॉल. क्यूने मारायचा तो पांढरा बॉल; त्याच्या जागेवरून काळा सगळा दिसतो की अर्धा, हे केसभरावर अवलंबून. दिगंबरराव वाकले, नेम धरला, परत उभे राहिले. पांढऱ्यावर लाल ठिपका होता.

"पंचसायब, पुसा."

सुहास सवयीने एक पाऊल पुढे आला. मी त्याला थांबवलं, ऐटीत गेलो, बॉल उचलला आणि पुसला. छान पुसला. ठेवायला वाकलो आणि पाहिलं, टेबलावर खूण नाही. खूण माझ्या खिशात होती.

खाली दुकानात कोणीतरी खिळे तोलत होतं, तेवढाच आवाज.

"ठेवा," दिगंबरराव म्हणाले.

मी ठेवणार कुठे? काळा मोकळा दिसेल असा ठेवला, तर लोक म्हणणार, पंच त्याच्या गाडीवरून आलाय. अर्धा दिसेल असा ठेवला, तर दिगंबरराव चौथ्यांदा हरणार, तेही माझ्या हाताने.

"सुहासान ठेवूंदे," प्रभाकरबाब म्हणाले. "आमची रीत तीच."

सुहासने बॉल घेतला, एक डोळा मिटला आणि ठेवला. काळा पूर्ण मोकळा! माडीवर कुजबूज झाली. डिचोलीचा एक म्हातारा कळवळून म्हणाला, "रे सुहास, डोळे फुटले काय तुजे?"

"हंयच होतो, आबा."

"न्हय," दिगंबरराव म्हणाले. त्यांनी बोटाने बॉल जरा डावीकडे सरकवला. काळा अर्धा झाकला. "हंय होतो."

"काय सांगतात! हंय!" सुहासने परत सरकवला.

"तुका काय माझी कीव येता?"

"कीव कसली? माका काय दिसना?"

दोघांचे आवाज चढले. जिंकायला आलेली दोन माणसं, आणि प्रत्येकाचा हट्ट असा की बॉल दुसऱ्याच्या फायद्याच्या जागी होता. मी मधे कोटात उकडत उभा. शेवटी दिगंबरराव माझ्याकडे वळले. "डाव परत मांडा. दुसरी वाट नाय." सुहासने मान हलवली. मी मांडला. एवढंच मला जमण्यासारखं होतं.

तो डाव सुहासने एकाच खेपेत संपवला. दिगंबररावांना टेबलाला हातही लावायला मिळाला नाही. त्यांनी सुहासच्या पाठीवर थाप मारली आणि क्यूचे दोन तुकडे सोडवले. मोटारसायकलीकडे बोट करून मला म्हणाले, "बसा. आतां कोण काय म्हणतलो?"

येताना मी बडबडलो होतो, परतताना नुसता पाइप बरगडीपासून दूर धरून बसलो. पेडण्याला बसची वाट बघताना मात्र राहवलं नाही. "दिगंबरराव, खरं सांगा. कुठे होता पांढरा?"

"सुहासान ठेवलो थंयच. केसाचोय फरक नाय."

"मग तुम्ही नको का म्हणालात?"

"काळो गेलो असतो तर मी जिंकलंय असतंय," ते म्हणाले. "आणि मरेपर्यंत लोक म्हणले असते, पंच ह्याच्या गाडयेरसून आयलेलो." मग उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिले. "आज मात्र कापत नाय होतो."

बस आली. या खेपेला कंडक्टर कितीही मिनिटं म्हणाला तरी मी खाली उतरलो नाही.

लोक गोव्याहून काजू आणतात, कोकमं आणतात. मी टेबलावरची एक जागा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी क्लब उघडताच मी तो डाव मांडला: काळा, पिवळा, आणि सुहासने ठेवला होता तिथे पांढरा. मी जेमतेम खेळणारा माणूस, साधे बॉल चुकवतो. क्यू घेतली, मारला. काळा खिशात गेला. परत मांडला, परत गेला. तिसऱ्यांदाही गेला. मग चुकावा म्हणून मी हात जाणूनबुजून ढिला सोडून मारला. तरीही गेला.