चौकशीला सगळे सांगतात

चौकशीला माणसं आपणहून सगळं सांगत. लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसस्टॉपवर शेजारी उभी असलेली अनोळखी बाई बस येईपर्यंत तिला आपल्या सुनेचे हट्ट, गुडघ्याचं ऑपरेशन आणि नवऱ्याचं घोरणं सांगून मोकळी व्हायची. मी त्याच स्टॉपवर आधीपासून उभी असायचे. मला कोणी वेळसुद्धा विचारायचं नाही. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण आम्हा मैत्रिणींत ती चौकशीच. नाव मीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं ठेवलं नव्हतं.

ती ट्रिप माझी होती, हे आधीच सांगून ठेवते. या देशात काळ्या आणि आपल्यासारख्या माणसांनी हक्कांसाठी जिथे जिथे मान वर केली, त्या जागा गाडीनं बघत जायच्या, ही कल्पना माझी. पुस्तकं मी वाचली, हॉटेलं मी बुक केली. मेधा गाडी चालवणार होती. चौकशीनं फक्त चिवडा आणला. स्विंडन मागे पडल्यावर मागच्या सीटवरून विचारते, "अगं, पण ब्रिस्टलला एक्झॅक्टली झालं काय होतं?" काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर कंडक्टर म्हणून घेत नव्हते, म्हणून लोकांनी बसमध्ये बसणंच सोडलं होतं, हे मी तिला समजावून सांगितलं. "बाई गं! मग कामाला कसे जायचे?" ती म्हणाली. ते माझ्या पुस्तकांत नव्हतं.

ब्रिस्टलला, त्या बस-बहिष्काराच्या आठवणीसाठी भिंतीवर काढलेल्या मोठ्या चित्रासमोर, एक म्हातारे जमैकन गृहस्थ बाकावर बसले होते. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, त्या बहिष्कारानं समाजात काय बदल घडला? "लाँग टाइम अगो, लव्ह," म्हणून ते दुसरीकडे बघू लागले. चौकशी त्यांच्या शेजारी टेकली, चिवड्याचा डबा पुढे केला आणि तोच कामाला जाण्याचा प्रश्न विचारला. म्हातारबुवा हसले. चालत! रोज तो चढ चढून. वाटेत एक मुलगी सोबतीला असायची, पायांत भावाचे बूट घातलेली, आणि पुढे तिच्याशीच त्यांचं लग्न झालं. मग ते बराच वेळ बोलत राहिले. मी रेकॉर्डिंग आधीच बंद केलं होतं.

"मोठा प्रश्न विचारलास की माणूस स्पीच देतो. छोटा विचार, मग त्याला आठवतं," गाडीत बसल्यावर तिनं मला शिकवलं. बर्मिंगहॅमच्या गुरुद्वारातही तेच. ती रोट्या लाटायला बसली आणि तिथल्या आज्या तिला सोडेनात. मी बाहेर फलक वाचत होते. "शी इज सो गुड विथ पीपल, नाही?" मेधा मला म्हणाली. मी नुसती हो म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

परतताना बेसिंगस्टोकला बाबांकडे जेवायला थांबायचं ठरलं होतं. बाबा रिटायर्ड डॉक्टर. इथे ते आधी एकटे आले. आई आणि मी आलो ते माझी दहावी झाल्यावर. त्या मधल्या वर्षांबद्दल मी कितीदा विचारलं असेल! उत्तर ठरलेलं : "काही नाही गं, पीपल वेअर व्हेरी नाइस." एवढं सगळं बघून आल्यावर तरी ते माझ्याशी बोलतील, अशी मला आशा होती. खरं सांगायचं तर सगळी ट्रिप त्यासाठीच होती.

मी स्वयंपाकघरात आमटी गरम करत होते. चौकशी बाहेर बाबांबरोबर मटार सोलत बसली होती.

"काका, तेव्हा एकटे होतात, तर जेवायचात कुठे?"

"हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. एक दिवस मात्र जेवलो नाही."

"का हो?"

"एक पेशंट म्हणाला, याचे हात मला लागता कामा नयेत. आमचे वरचे डॉक्टर, कन्सल्टंट, मला म्हणाले, डॉक्टर, जस्ट वेट आउटसाइड. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नर्सेस येत-जात होत्या."

"मग कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? आत्ता तुला सांगतोय."

मी पळी हातात घेऊन दारात उभी होते. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

ते शेंगा चाचपत राहिले. "तू माझी मुलगी आहेस गं. तुझ्यासमोर मला तसं उभं राहायचं नव्हतं."

यात प्रेम आहे, हे मला कळत होतं. पण प्रेम मला पुष्कळ मिळालं होतं. मला तो कॉरिडॉर हवा होता, आणि तो हिला मिळाला, मटार सोलता सोलता.

"माझे बाबा आहेत ते," गाडीत मी म्हणाले.

"मग बस ना त्यांच्याजवळ. मी कुठे अडवलंय?" ती अजिबात चिडली नाही, याचा मला जास्त राग आला.

मी बसलेही. पुढचे कित्येक रविवार लंडनहून बेसिंगस्टोकला गेले आणि छोटे छोटे प्रश्न विचारले. "हे तुला चौकशीनं शिकवलं वाटतं?" बाबा हसले आणि त्यांनी क्रिकेट लावलं. एकदा निघताना कळलं, की ते अधूनमधून तिला फोन करतात. हिवाळ्यात बाबा गेले. क्रेमेटोरियममध्ये ती मागच्या रांगेत रडत होती. मला तेही बघवलं नाही.

आता ती मुलीकडे ग्लासगोला राहते. भेट होत नाही. बाबांची फार आठवण आली की मी तिला फोन करते आणि कॉरिडॉरनंतरचं विचारते : खोलीला हीटर होता का, पहिला मित्र कोण, आईला बोलवायचं कधी ठरलं. ती सावकाश सांगते. मध्येच थांबून म्हणते, "हे तर तुला माहीतच असेल."

मी हो म्हणते, आणि पुढचं ऐकते.