थंडोबाचा हात

सगळा कारखाना त्याला थंडोबा म्हणायचा. जन्म भट्टीपुढे गेला, पण गड्याला कधी कशाची घाई म्हणून नाही. लालबुंद तापलेले गिअर तेलात बुडवायचे, की दात कडक होतात. मग कानस घासून बघायची. कानस घसरली तर माल पक्का, चावली तर परत भट्टीत. आता ही घसरण हातमोज्यातून कुठली कळायला? म्हणून थंडोबा मोजा काढायचा आणि गरम गिअर तसाच हातात धरायचा. सुरुवातीला फोड यायचे. पुढे यायचे बंद झाले. त्याला वाटलं, चला, सुटलो.

तो निवृत्त झाला तेव्हा लेकीच्या पदरात तान्हं बाळ होतं. जावई ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. लेकीची गोदामातली रजा सोमवारी संपत होती. साहेबानं स्वच्छ सांगितलं होतं, या, नाहीतर घरीच बसा. बाळाला सांभाळायला थंडोबाशिवाय कोणी नव्हतं. बायको केव्हाच गेलेली.

शनिवारी तो म्हणाला, "आज अंघोळ मी घालतो. सवय नको का व्हायला?"

बादलीत हात घालून बघितला. कोमट. पायावर तांब्या ओतला मात्र, बाळानं असा टाहो फोडला की लेक हातातलं टाकून धावली. इवलासा पाय लाल झाला होता. तिनं गार पाण्याची धार धरली. नशीब, कातडी शाबूत होती.

"बाबा, केवढं कढत पाणी हे."

"कोमट आहे." त्यानं परत बादलीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"वाफ येतेय त्यातून. काढा तो हात आधी."

त्यानं वाफेकडे बघितलं. येत होती खरी. आता काळजात धस्स व्हायला हवं, निदान लाज तरी वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं. पण आत काही हललं नाही. तो टॉवेल शोधत राहिला.

बाळ झोपल्यावर लेक गरम चहाचा कप घेऊन समोर बसली.

"कधीपासून कळत नाही तुम्हाला?"

"ते कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?"

तिला हसू आलं आणि रागही. तिनं कप त्याच्या बोटांना टेकवला. काही नाही. तळव्याला. काही नाही. मनगटाला, जरासं काहीतरी. कोपराला टेकवला तसा तो चटकन मागे सरकला.

"इथं जिवंत आहात म्हणायचं," ती म्हणाली. मग कप खाली ठेवला. "अंघोळ मी घालूनच जात जाईन. दूध कोपराला लावल्याशिवाय पाजायचं नाही. गॅसपाशी बाळाला घेऊन जायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं."

सोमवारी ती गेली. जिन्यातून दोनदा परत आली. एकदा छत्री न्यायला, एकदा उगीच.

थंडोबा पाळण्याशी बसला. बाळ टक्क जागं होतं. त्यानं बोट पुढे केलं, आणि धरलंय की नाही ते बघायला खाली वाकला. धरलं होतं.