दादाची शीळ

दादा गेला ते साल मला उन्हाळ्यावरून आठवतं. कावीळ झाली, डोळे पिवळे पडले, सगळे म्हणाले उतरेल, आणि ती उतरलीच नाही. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आई आणि मी, एवढ्याच उरलो.

दादा सोलापुरातल्या एका गिरणीत कारकून होता. त्याला एकच वेड होतं. मुंबईच्या एका मित्राने त्याला परदेशी बँडच्या निवडक गाण्यांची मोठी रेकॉर्ड दिली होती. आमच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं, लग्नाला, उरुसाला कर्णे भाड्याने द्यायचे. रविवारी दुपारी दादा ती रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून तिकडे न्यायचा. पुढे पुढे ती तिथेच राहू लागली. चाचांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ते मान हलवत म्हणायचे, "ढोल बजानेवाला लई भारी है बेटा."

आईने एकदा विचारलं होतं, "कोण रे ही माणसं?"

"फुटला तो बँड. आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणे."

"मग गाणी कशी राहिली?"

दादा हसला.

त्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीला, शब्द यायच्या आधी, नुसती गिटार वाजते. ती चाल तो शिळेवर घ्यायचा. गिरणीचा भोंगा झाला की थोड्या वेळाने गल्लीत ती शीळ ऐकू यायची, आणि आई चहाचं आधण ठेवायची. जेवण होईपर्यंत अंगणात त्याचं तेच चालायचं.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी चिमणीची काच पुसत होते. आई उठली आणि तिने आधण ठेवलं. मला वाटलं, सवयीने ठेवलं. मग मलाही ऐकू आलं. तीच चाल, हळू, प्रत्येक वळणावर जराशी थांबणारी.

"आला गं," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

मी काच खाली ठेवली. मी धावत दारात गेले. गल्लीत नळावर बायका होत्या, तारेवर रंगवलेलं सूत वाळत होतं. शीळ घालणारं कुणी नव्हतं. मी उंबऱ्यावर उभी होते तोवर आवाज थांबला.

मग ते होऊ लागलं. रोज नाही, पण आठवड्यात एखादी संध्याकाळ तशी यायची. आई भांडं हातात धरून ऐकत बसायची. मला त्या वेळी तिच्याकडे बघवत नसे. समोरच्या मावशी एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या, "कुणाला तरी दाखवा. उतारा टाका. असं घराभोवती फिरणं बरं न्हाय."

आई म्हणाली, "माझ्याच लेकराला हाकलू व्हय?"

त्यानंतर मावशी संध्याकाळच्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या.

एके दिवशी मी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेले होते. ऊन कललं होतं. शीळ आली, आणि या वेळी ती खालून आली, शेजारच्या अंगणातून. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. शेजारी तेलुगू विणकरांचं कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी, माझ्याहून थोडी लहान, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मान खाली, बोटं भराभर चालत होती, ओठांचा चंबू केलेला.

तिने वर पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तू होतीस?" मी म्हणाले.

"चुकलं अक्का. माझ्या ध्यानातच येत नाही. पानं वळताना आपोआप येतं."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. रोज ऐकत होते की. भिंत एकच हाय आपली." ती सुपातल्या तंबाखूवर बोट फिरवत राहिली. "ते मधेच चुकायचे. मग मी इकडून तेवढंच हळू वाजवायची. मग ते परत पहिल्यापासून घ्यायचे."

"आणि बोलायचात काय?"

"कधीच न्हाय."

मी मिरच्या तशाच सोडून खाली आले. आईला सांगू की नको, कळेना. इतके दिवस तिच्यासाठी तो येत होता. सांगितलं तर तो दुसऱ्यांदा जाणार. पण तिने माझा चेहरा पाहून विचारलंच, आणि मी सांगितलं. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता रडत होती का ती?"

"नाही. घाबरली होती."

दुसऱ्या दिवशी आई स्वतः तिच्या घरी गेली. काय बोलल्या ते मला कळलं नाही. परत आल्यावर मला म्हणाली, "ते गाणं मला ऐकायचंय. तिलाबी घेऊन जाऊ."

रविवारी दुपारी आम्ही तिघी चाचांच्या दुकानात गेलो. चाचांनी फडक्याने बाकडं पुसलं, "बैठो माँ" म्हणाले, आणि आणखी काही न विचारता रेकॉर्ड लावली. गिटार आली, मग ढोल, मग त्या परक्या माणसाचा मोठा, खरखरीत आवाज. त्या मुलीने ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं. तिला फक्त दादाने शिळेवर वाजवलेलं ठाऊक होतं. ती गुडघ्यावर बोटाने ताल धरायला बघत होती, पण तो पुढे पळत होता.

"लई घाईत हाय हे," आई म्हणाली.

"त्यांचं असं नव्हतं," मुलगी म्हणाली.

चाचांनी सुई उचलली. आम्ही निघताना त्यांनी सांगितलं, लग्नात कर्णा बसवला की आवाज तपासायला ते हेच गाणं लावतात. आता लोक मागून घेतात, कुणाला शब्द कळत नाहीत तरी. त्यानंतर किती तरी लग्नांच्या मांडवातून मला ते लांबून ऐकू आलं, आणि प्रत्येक वेळी मी ते संपेपर्यंत जागची हलले नाही.

मुलगी पुढे निःसंकोच शीळ घालायची. आई भिंतीजवळ पाट टाकून बसायची. वर्षभराने त्या मुलीचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली. मग संध्याकाळी आमच्या अंगणात फक्त मागांचा खडखडाट यायचा.

अशाच एका संध्याकाळी मी कॉलेजातून परतले. दार उघडं होतं. आई अंगणात शेजारच्या भिंतीला एक हात टेकवून उभी होती, मला ती बाजूने दिसत होती. मान किंचित पुढे केलेली. तिने ओठ जुळवले होते आणि ती फुंकत होती. नुसती हवा येत होती. ती थांबली, ओठ ओले केले, परत फुंकली.

मी पायांचा आवाज न करता मागे फिरले आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत उभी राहिले.