नलिनीबाईंचा वॉर्म-अप

शर्यतीच्या आधी नलिनीबाई आमचे कान धरायच्या. पिळायला नव्हे हो, तपासायला. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकीच्या कानाची पाळी चिमटीत धरायची आणि ती गार लागली की, "अजून गारढोण आहेस गो, जा, पळून ये," म्हणून पुन्हा मांडवीच्या वाळूत पिटाळायचं. आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. नऊवारीचा काळ सरला होता, पण पाचवारीचाही काचा मारून त्या आमच्या पुढे धावत. "थंड अंगानं पाण्यात शिरणं म्हणजे उपाशीपोटी भांडायला जाणं," हे त्यांचं आवडतं वाक्य. बाई स्वतः भरल्या पोटी उत्तम भांडत.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. थंडीत मांडवीला पोहण्याची शर्यत व्हायची, ती फक्त मुलांची. मुलींचीही घ्या म्हणून बाईंनी पंचांचा पिच्छा पुरवला. आदल्या वर्षी एका मुलाच्या पायात गोळा आला होता आणि त्याला होडीत ओढून घ्यावं लागलं होतं, त्यामुळे पंच बिचकलेले. शेवटी कसेबसे तयार झाले, पण अट घातली: एका जरी मुलीला होडीत घ्यावं लागलं, तर पुन्हा कधी मुलींचं नाव काढायचं नाही.

बाईंनी चार मुली जमवल्या. त्यांतली एक मी आणि एक मांडवीचीच शेवंती. आमच्या आयांची समजूत घालताना बाईंना किती घरचा चहा प्यावा लागला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शर्यतीच्या सकाळी हवा अशी गार, की दात वाजत होते. मुलं हात फिरवत, उड्या मारत होती. बाईंनी ते पाहून नाक मुरडलं. "हे कसलं कवायतीचं सोंग! चला, काहीतरी कामाचं करू." थोड्या अंतरावर शेवंतीच्या बाबीकाकाची रापण लागली होती. समुद्रात लांबवर टाकलेलं जाळं किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून आणायचं, म्हणजे रापण. गावातली निम्मी पुरुषमाणसं मुंबईला, त्यामुळे ओढणारे हात नेहमीच कमी. बाईंनी आम्हाला सरळ दोराला लावलं आणि स्वतःही उभ्या राहिल्या. समुद्राकडे पाठ, कमरेला दोर. अंग असं तापलं म्हणता, घाम फुटला!

पण त्या दिवशी जाळं जड लागलं. बांगडा सापडला होता. दोर इंच इंच येत होता आणि इतक्यात पंचांचा माणूस ओरडत आला, "बाई, भरती फिरत्येय, शर्यत आत्ताच सुरू करतायत! मुली आल्या नाहीत तर त्यांची रद्द!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रापणीचा दोर एकदा धरला की जाळं वाळूला लागेपर्यंत सोडायचा नाही, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबीकाका कळवळून म्हणाला, "बाय, पाच जणी एकदम सुटल्यात तर ह्या अंगाचा दोर ढिला पडंल. माल जाईल गो सगळा!"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "चौघी जा. मी आहे."

"बाई, पण तुम्ही शर्यत बघणार कशी?"

"शर्यत तुमची. दोराला मी लावलं तुम्हाला, ते मी निस्तरते. पळा, अंग निवेल!" आणि त्यांनी दोराचा आणखी एक वेढा कमरेला घेतला.

आम्ही धावतच पाण्यात शिरलो. श्वास घ्यायला मान वळवली की किनारा दिसायचा, आणि किनाऱ्यावर पाठमोऱ्या बाई, वाकलेल्या, वाळूत पाय रोवलेल्या. मला पाण्यातच रडू आलं. पण रडायला फुरसत कुठली! चौघीही आपापल्या पायांनी बाहेर आलो. मुलींसाठी बक्षिसं आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पंचांनी प्रत्येकीच्या हातात एकेक नारळ ठेवला.

तशाच ओल्या आम्ही रापणीकडे धावलो. जाळं नुकतंच वाळूला लागलं होतं. बाई बसल्या होत्या, कमरेला दोर चांगलाच काचला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळा आला कुणाला?"

"कुणालाच नाही बाई."

त्यांनी पदरात तोंड लपवलं आणि ढसाढसा रडल्या. नंबर मात्र विचारला नाही. "नंबर विचारला की तीन पोरी उगाच खट्टू होतात," म्हणायच्या.

पुढच्या जूनमध्ये लग्न होऊन बाई पोफळीला गेल्या. यजमान तिथल्या वीजघरात. कॉलनीतल्या मुलींना त्या खेळ शिकवू लागल्या. मांडवीला मुलींची शर्यत दर वर्षी होत राहिली, पण संसार आणि दुखणी यांतून बाईंना ती एकदाही बघायला जमलं नाही. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले, तर अचानक म्हणाल्या, "आता तरी सांग गो, त्या दिवशी पहिली कोण आली होती?"

"शेवंती. मी तिसरी."

बाई उठूनच बसल्या. "मेले! आणि मी इतकी वर्षं इथल्या पोरींना तुझं नाव सांगत्येय!" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

महिन्याभरात बाई गेल्या. मी आणि शेवंती पोफळीला गेलो. दारात रडणाऱ्या बायकांतली एक, मागच्या भेटीत मला पाहिलेली, पुढे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "तुम्हीच ना त्या, मांडवीला पहिल्या आलेल्या? बाई सारखं सांगायच्या."

मी शेवंतीकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसलं.

"हो," मी म्हटलं.