रायफल ग्रेनेड आणि उमाळेचा प्रश्न

माझी त्या पोस्टवर बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो आणि सेवेची अकरा वर्षं पूर्ण झाली होती. पोस्ट उत्तरेकडच्या डोंगरात होती. तीन बंकर, एक कुकहाऊस, सिग्नलची एक खोपटी आणि एक कोत. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज उभं राहणं, मग चहा, मग हत्यारांची सफाई, मग पेट्रोल, म्हणजे गस्त, किंवा खालून पाणी आणणं. बर्फ नसलं की दिवस असेच जात.

नव्या इन्सास रायफली नुकत्याच आल्या होत्या. तरी कोतच्या कोपऱ्यात दोन जुन्या थ्री-नॉट-थ्री उभ्या असायच्या. त्यांच्या पुढच्या भागावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली होती. नळी फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून. त्यांना जीएफ रायफल म्हणत, म्हणजे ग्रेनेड फायरिंग रायफल. मी वेपन ट्रेनिंगचा कोर्स केलेला, म्हणून त्यांची शिकवणी माझ्याकडे आली.

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हातानं ग्रेनेड फेकला तर तीस-पस्तीस पावलं जातो. फार जोर असेल तर चाळीस. मोर्टरचा गोळा लांब जातो, पण तो इतका मोठा फुटतो की आपली माणसं जवळ असतील तर मागवता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा उरतो. चाळीस पावलांच्या पुढे आणि मोर्टरच्या अलीकडे. शत्रू तिथल्या एखाद्या भिंतीमागे बसला, तर गोळी भिंतीला लागते, हात पोचत नाही आणि मोर्टर मागवता येत नाही. रायफल ग्रेनेड याच पट्ट्यासाठी जन्माला आला.

रायफलच्या तोंडावर लोखंडी कप बसवायचा. त्यात छत्तीस नंबरचा ग्रेनेड ठेवायचा. रायफलमध्ये बॅलिस्टाइटचं काडतूस भरायचं. त्याला पुढं गोळी नसते, नुसती दारू असते. तिचा गॅस ग्रेनेडला दीड-दोनशे यार्ड फेकतो. चुकून गोळीचं काडतूस भरलं तर फेकणाराच जातो, म्हणून काडतूस दोनदा बघायचं. ग्रेनेड कपात गेल्यावर पिन काढायची. पिन निघाली तरी लिव्हर उडत नाही, कारण कपाची भिंत त्याला दाबून धरते. बाहेर पडला की लिव्हर सुटतो आणि सात सेकंदांनी तो फुटतो. धक्का असा बसतो की खांद्याला लावली तर हाड मोडेल. म्हणून गुडघ्यावर बसायचं, बट, म्हणजे मागचा दस्ता, जमिनीवर टेकवायचा, नळी तिरपी आभाळाकडं धरायची.

लान्स नायक सुधाकर उमाळे मार्चमध्ये आमच्या सेक्शनमध्ये आला. अकोला जिल्ह्यातल्या पातूरचा. घरी फुलशेती, थोडा भाजीपाला. मी धामणगाव रेल्वेचा. वऱ्हाडातला माणूस एवढ्या लांब भेटला की जीभ आपोआप सैल होते. तो मला उस्ताद म्हणायचा, कारण शिकवणाऱ्याला फौजेत तेच म्हणतात.

मी डमी ग्रेनेडची प्रॅक्टिस घेतली. समोर एकशेवीस यार्डांवर चुना मारलेला टायर ठेवला. जीएफ रायफलला नीट नेम धरायची सोय नसते, अंदाजानं कोन ठरवायचा. नऊ जणांचे डमी टायरच्या इकडेतिकडे पडले. उमाळेचा पहिला मागं पडला, दुसरा पुढं, तिसरा टायरच्या आत.

"कुठं शिकलास?" मी विचारलं.

"ज्वारीत, उस्ताद. लहानपणी माळ्यावर उभं राहून पाखरायले गोफण मारो. दगड कुठी पडन, हे हाताले समजते."

त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. मी शिकवलं होतं की काढलेली पिन फेकायची नाही, डाव्या करंगळीत अडकवायची, आणि ग्रेनेड गेल्यावरच टाकायची. त्यानं लगेच विचारलं, काहून? मी सांगितलं, काडतूस पेटलं नाही तर पिन परत घालावी लागते. त्याला ते पटलं. मग तो रायफलकडं बघत राहिला.

"उस्ताद, आणखीन एक. हे बसूनच काहून मारतात? बंदूक दगडात तिरपी अडकवली, ट्रिगरले दोरी बांधली, अन् आपण बाजूले झोपून ओढली, तर?"

"ड्रिलमध्ये नाही."

"ड्रिलमध्ये नाई, हे खरं. पण काहून नाई?"

मला उत्तर माहीत नव्हतं. नऊ जवान ऐकत होते. मी मुद्दाम हिंदीत बोललो.

"ड्रिल ड्रिल होता है. पोझिशन ले."

"जी, उस्ताद."

त्यानं पोझिशन घेतली. पुन्हा कधी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये आमचं दहा जणांचं पेट्रोल सकाळी 0530 ला निघालं. कमांडर मीच. शेजारच्या पोस्टपर्यंत जायचं, तिथल्या पेट्रोलला भेटायचं, परत यायचं. एक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, एक रेडिओ सेट, एक जीएफ रायफल. ती उमाळेकडं, सहा ग्रेनेड आणि आठ काडतुसं.

0710 ला आम्ही नाल्याच्या काठानं चढत होतो. वर धनगरांचं उन्हाळ्यात वापरायचं एक दगडी घर होतं. तिथून शत्रूचं फायर आलं. सगळ्यात पुढं शिपाई थोरात होता. त्याच्या मांडीत गोळी लागली आणि तो उघड्यावर पडला. बाकी आम्ही गुडघ्याएवढ्या उंच दगडी बांधामागं आडवे झालो. एलएमजीनं जवाब दिला, पण ते घराच्या मागच्या भिंतीआड होते. आमच्या गोळ्या दगडाला लागत होत्या. थोरात पडल्या जागी हलत होता आणि ते त्याच्या आसपास एकेक गोळी मारत होते. त्याला आणायला कोणी उठावं, हीच त्यांची इच्छा होती.

मी रेडिओ घेतला.

"अल्फा, चार्ली बोल रहा हूँ. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. मोर्टर चाहिए. ओवर."

"चार्ली, टार्गेट से दूरी बताओ. ओवर."

"सव्वा सौ यार्ड. मेरा जवान बीच में है. ओवर."

"निगेटिव. बहुत पास है. ओवर."

मी मान वळवली. उमाळेनं कप आधीच चढवला होता. मी फक्त म्हटलं, "मार."

तो गुडघ्यावर बसला. बट जमिनीवर, नळी तिरपी. ड्रिलमध्ये होतं तसंच. बांध त्याच्या कमरेपर्यंत येत होता. पहिला ग्रेनेड घराच्या अलीकडे फुटला. दुसरा पलीकडे गेला. तिसरा छपराच्या मागं उतरला आणि त्या बाजूचं फायर थांबलं. "लागला," तो म्हणाला. चौथा त्याच ठिकाणी. मी दोघांना हात केला. ते सरपटत गेले आणि थोरातला पट्ट्याला धरून ओढू लागले.

ते तिघं अर्ध्यात असताना उमाळेनं पाचवा भरला. कपात ठेवला, पिन काढली, करंगळीत अडकवली. तेवढ्यात उजवीकडच्या खडकावरून एक गोळी आली. शत्रूचा एक माणूस तिकडं सरकला होता, ते मला दिसलं नव्हतं. गोळी उमाळेच्या गळपट्टीच्या हाडाखाली लागली.

तो मागं कोसळला, पण रायफल सोडली नाही. दोन्ही हातांनी छातीवर उभी धरली. कपाचं तोंड आभाळाकडं. ती आडवी झाली असती आणि ग्रेनेड घरंगळला असता, तर त्या बांधामागं आम्ही सात जण होतो.

"उस्ताद, पिन," तो म्हणाला. डावी करंगळी वर केली.

मी त्याच्या बोटातून पिन काढली. कपाच्या वर ग्रेनेडचं डोकं दिसत होतं. भोक सापडायला मला दोन प्रयत्न लागले. पिन आत गेली, मी तिचे पाय वाकवले आणि सांगितलं, "बसली." तेव्हा त्यानं रायफल सोडली.

एलएमजी उजवीकडं वळला. 0750 ला समोरून सगळं फायर बंद झालं. थोरात वाचला. लान्स नायक उमाळे 0805 ला, स्ट्रेचर खाली नेत असताना गेला.

त्याच्यासोबत घरापर्यंत मी आलो. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून पातूरपर्यंत गाडी. सगळं गाव रस्त्यावर होतं. सलामी झाली. संध्याकाळी त्याचे वडील महादेवराव माझ्याजवळ येऊन बसले. सून आत होती, एक वर्षाची नात कुणाच्या तरी कडेवर झोपली होती.

"साहेब, कसा गेला थो?"

मी जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. गुडघ्यावर बसून फायर करत होता, असंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "बसून काहून? झोपाले जागा नव्हती काय?"

मी म्हणालो, "हत्यार तसं होतं, काका." सुधाकरनं हेच विचारलं होतं आणि मी त्याला गप्प केलं होतं, हे मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मला एका ट्रेनिंग सेंटरवर इन्स्ट्रक्टर म्हणून पाठवलं. तिथं वाचनालय होतं. रविवारी जवान सिनेमाला जात, मी शिकवणीची जुनी पॅम्फलेट आणि पुस्तकं काढून बसत असे. मला एकच गोष्ट शोधायची होती. रायफल ग्रेनेड बसून का मारतात?

बरंच सापडलं. पहिल्या महायुद्धात दोन्ही फौजा खंदकांत समोरासमोर बसल्या आणि हात पोचेना, मोठी तोफ चालवता येईना, तेव्हा या हत्याराची गरज पडली. सुरुवातीला ग्रेनेडला लांब लोखंडी सळई जोडून ती नळीत घालत. त्यानं नळ्या खराब होऊ लागल्या, म्हणून पुढं कप आला. आणि ते मारणारा माणूस खंदकाच्या तळाशी असायचा. तो गुडघ्यावर बसला तरी डोक्याच्या वर हातभर माती. बसणं हीच तिथं सुरक्षित पोझिशन होती. पुढं खंदक मागं राहिले. ड्रिल तेवढं पुस्तकातून पुस्तकात उतरत आमच्यापर्यंत आलं, आणि मी ते उघड्या डोंगरावर शिकवलं.

त्यातल्याच एका पुस्तकात एक चित्र होतं. लाकडी घोडीत तिरपी बसवलेली रायफल, ट्रिगरला बांधलेली दोरी, आणि दोरीचं टोक धरून लांब आडोशाला बसलेला सैनिक. मी पुस्तक मिटलं. बाहेर जाऊन व्हॉलीबॉलच्या मैदानाला दोन चकरा मारल्या. मग परत येऊन चित्राची नक्कल कागदावर उतरवली.

आमच्या मेजर साहेबांना ती दाखवली. त्यांनी विचारलं, "करून बघायचंय?" मी म्हणालो, "जी साब." गुरुवारी 0900 ला रेंज मिळाली. दोन दगड आणि वाळूची तीन पोती घेऊन मी रायफल तिरपी बसवली, ट्रिगरला लेनयार्डची दोरी बांधली आणि दहा फुटांवर पालथा झोपलो. बारा डमी मारले. नऊ टायरच्या आसपास पडले. बसून मारल्यावर माझे एवढेच पडायचे. जास्तीचा लागला तो वेळ, रायफल बसवायला साधारण एक मिनिट.

मेजर साहेब म्हणाले, "तायडे, हे लिहून दे." मी दोन पानं लिहिली. ती पद्धत आमच्या सेंटरवर शिकवली गेली. लिहिताना कल्पना कुणाची, या रकान्यात मी लान्स नायक सुधाकर उमाळे असं लिहिलं. नंतर जीएफ रायफली कोतमधून गेल्या. आता रायफलच्या नळीखाली लाँचर बसतो, त्यातून झोपूनही ग्रेनेड मारता येतो. माझ्या दोन पानांमुळे कुणाचा जीव वाचला का, मला माहीत नाही. मधली थोडी वर्षं ती पद्धत चालली, एवढंच.

मी निवृत्त झालो, अमरावतीला राहू लागलो. दरवर्षी ऑगस्टमध्ये पातूरला जात होतो. हार घालायचो, चहा घ्यायचो, परत यायचो. उत्तर खिशात होतं, पण ते द्यायचं तर आधी माझी चूक सांगावी लागणार होती. डोंगरात गोळ्यांखाली धीर धरला होता, इथं दोन वाक्यं बोलायचा धीर होत नव्हता. पंचवीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी सांगितलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. सुधाकरची पत्नी फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात गेली होती. महादेवराव खाटेवर होते, नात वैशाली खुर्चीत. ती कृषी कार्यालयात नोकरी करते. मी सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, मी काय म्हणालो, नऊ जण कसे ऐकत होते, पुस्तकात काय सापडलं.

महादेवरावांनी विचारलं, "म्हंजे त्याचं बरोबर होतं?"

"बरोबर होतं, काका. मी ऐकायला पाहिजे होतं."

ते खाटेवरून उठले. मग म्हणाले, "तुमी तवाच सांगतलं असतं, तं मी तुमाले घरात घेतलं नसतं." चपला घालता घालता, "आता बसा. जेवून जा." आणि टोपली उचलून ते अंगणापलीकडच्या शेतात गेले. ऐंशीला आलेला माणूस, झेंडूच्या ओळीत वाकून फुलं तोडू लागला.

वैशाली उठली नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"काका, बाबांचा आवाज कसा होता? फोटो लई आहेत घरी. आवाज कोणालेच सांगता येत नाई. आईले इचारलं तं थे रडते."

मी विचार केला. "बारीक होता. पण लांब जायचा. सकाळी स्टँड-टू संपलं की चहासाठी तोच हाक मारायचा. खालच्या पोस्टवर ऐकू जायची."

"कशी मारत होते?"

मी खुर्चीतून उठून ओसरीच्या कडेला गेलो. हात तोंडाशी धरले, आवाज जमेल तेवढा बारीक केला आणि ओरडलो.

"ओ पोट्टेहोऽऽ, चाय झाली रेऽऽ!"

पलीकडं झेंडूच्या ओळीत म्हातारा ताठ उभा राहिला. टोपली हातात तशीच ठेवून तो घराकडं बघू लागला.