धरणाच्या पायथ्याचा झिरा

मी तापट आहे हे पाटबंधारे खात्याच्या आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच की काय, करमाडपलीकडचं ते म्हातारं मातीचं धरण माझ्या गळ्यात पडलं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर बांधलेलं, माझ्याहून वयानं मोठं, आणि खालच्या गावाचं पिण्याचं पाणी सगळं त्याच्यावरच.

त्या वर्षी भाद्रपदात तलाव काठोकाठ भरला आणि भिंतीच्या पायथ्याशी गढूळ पाणी यायला लागलं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. ते नितळ असेल तर काळजी नसते. गढूळ झालं की समजायचं, आतली माती वाहून चाललीय. साहेब म्हणाले, "चार दिवसांत नितळ झालं नाही, तर तलाव रिकामा करायचा." म्हणजे गावाला दिवाळीपासूनच टँकर.

मी पायथ्याशी गेले आणि कपाळाला हात लावला. बरोब्बर पाझराच्या जागी छातीइतका खोल खड्डा, काठाला दगड, दगडांना हळदकुंकू. गावातल्या बायकांचा पाणी भरायचा झिरा तो. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्या तो हातभर आणखी खणायच्या. मी तिथंच आवाज चढवला. "धरणाचा पाया उकरताय तुम्ही, कळतंय का?"

झिरा सांभाळणारी मावशी शांतपणे म्हणाली, "बाई, नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाय. हे पाणी लई गोड हाय. आमच्या सासवांनी बी हितंच खणलं."

भिंत आमच्या खात्याची, पण आमचा माणूस वर्षातून एकदा यायचा आणि वरूनच बघून जायचा. पायथ्याशी रोज उतरत होत्या त्या या बायकाच, आणि त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला आमचीच लाज वाटली.

मग खाली बसून समजावलं. आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड भरायचे. पाणी येत राहील, माती अडेल. बाजूनं पाइप काढून देते, घागर त्याखाली लावा. मावशीचे डोळे भरून आले, पण वाळूचं पहिलं घमेलं तिनंच टाकलं. दिवस मावळेपर्यंत ओढ्यापासून पायथ्यापर्यंत बायकांची रांग लागली होती.

रोज सकाळी मी ते पाणी काचेच्या ग्लासात भरून ठेवायचे. दोन दिवस तळाला मातीचा थर बसला. तिसऱ्या दिवशी जरा पातळ. चौथ्या दिवशी तासभर ठेवलं तरी तळ स्वच्छ. मी बायकांना सांगितलं, तलाव रिकामा होणार नाही.

मावशी घरी गेली आणि खांद्यावर कुदळ घेऊन परत आली. ती माझ्या हातात देत म्हणाली, "ही घिऊन जा, बाई. घरात ऱ्हायली तर उन्हाळ्यात हात शिवशिवतील."