चुलीत घातलेला बांबू

नवऱ्यानं यवतमाळच्या नर्सरीतून तो बांबू आणला तेव्हा मीच सगळ्यात खूश होते. बाभुळगावातल्या आमच्या घराला रस्त्याकडून आडोसा नव्हता. जंगलातला बांबू आपलं बेट सोडून हलत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत. तेव्हा हाही तसाच राहील असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या पावसाळ्यात तो वांग्यांच्या वाफ्यात उगवला, मग न्हाणीची फरशी उचलून वर आला. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे, "मॅडम, ही जात पळते." विकताना मात्र त्याची दातखीळ बसली होती.

मी कुदळ घेतली. वांगी माझी, न्हाणी माझी, आणि हा कोण उपटसुंभ? गुडघाभर चर खणला, मातीखालून धावणारी पिवळी, गाठाळ मुळं ओढून काढली आणि चरात जुने पत्रे उभे केले. आता मुळं जाळून टाकायची, एवढंच राहिलं होतं. तिथं सासूबाई आडव्या आल्या.

"बांबू चुलीत नाही घालत. लेकरू जाते."

आमच्या घरानं आजेसासऱ्यांच्या काळात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हारा गेला, उपासतापास गेले. बांबू न जाळणं तेवढं कसं कोण जाणे मागे राहिलं. मला एकच मुलगी, यवतमाळला कॉलेजात शिकणारी. सासूबाईंचं ऐकून माझाही हात आखडला, याचा मला आजही राग येतो. मुळं कुंपणाशी टाकली. पाऊस लागला आणि त्या ढिगातूनच नवे कोंब फुटले.

मग माझं डोकं फिरलं. पावसाळा सरल्यावर सगळा ढीग पुन्हा उपसला, उन्हात कडक वाळवला, अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं आणि पहिली गाठ आत सारली. सासूबाई ओरडल्या. मग तिथंच मटकन बसल्या आणि कधीच न सांगितलेलं बोलल्या. त्यांचा पहिला मुलगा चालायला लागला होता, तेव्हा तापानं गेला. त्याच आठवड्यात त्यांनी बांबूचं एक मोडकं सूप चुलीत घातलं होतं.

"म्याच मारलं त्याले," त्या म्हणाल्या.

"आई, त्याले ताप होता. गावात डॉक्टर नव्हता. सुपानं काय केलं?"

"तुले काय समजते!"

मला खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली. ही बाई जन्मभर एका सुपाचा आरोप डोक्यावर घेऊन जगली होती. आता तर मी थांबणारच नव्हते. हिवाळाभर आमचं पाणी त्याच मुळांवर तापलं. सासूबाई रोज संध्याकाळी नातीला फोन करायच्या, "बरी हायेस ना?" नात ठणठणीत होती, वर आजीलाच चिडवायची.

थंडी ओसरता ओसरता एका सकाळी त्या चुलीपाशी आल्या.

"इतके दिवस जाळून राह्यली तू. पोरीले काही नाही झालं."

"नाही झालं, आई."

"मंग म्या इतके वर्षं सोताले कायले खाल्लं?"

त्यांनी ढिगातली एक जाड गाठ उचलली आणि चुलीत इतक्या रागानं फेकली, की निखारे अंगणभर उडाले.